कडेच्या सुरुंगात दारू कमी

आमच्या कचेरीत नवीन आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात साहेबांना ‘ठोकेसाहेब’ म्हणून हाक मारायचा आणि साहेब ओ द्यायचे. पुढे कधीतरी त्याला कळायचं, की ठोके हे त्यांचं आडनाव नाही. मग तो ओशाळून माफी मागायला जायचा. साहेब म्हणायचे, “चालेल. आडनावानं मला आजवर कोणी शोधलेलं नाही.”

नाव पडलं होतं ते सवयीवरून. साहेबांच्या कोटाच्या उजव्या खिशात एक लहान हातोडी असायची. समोर येईल त्या वस्तूवर ते ती हलकेच मारायचे आणि मान तिरपी करून ऐकायचे. इराण्याकडे चहाला गेले तर ज्या भिंतीला टेकून बसायचं ती आधी ठोकून घ्यायची. बाजारात माठ ठोकायचे, ते सगळेच ठोकतात, पण साहेब माठ ठेवलेला ओटाही ठोकायचे आणि माठवालीला म्हणायचे, “माठ चांगला आहे, ओटा पोकळ आहे.” एकदा केशकर्तनालयात आरशामागची भिंत ठोकून ते न्हाव्याला म्हणाले, “आरसा दुसरीकडे लावा.” न्हाव्यानं ऐकलं नाही. आरसा पुढची कित्येक वर्षं तिथेच होता आणि त्याला काही झालं नाही. साहेब दर वेळी केस कापायला गेले की आरशाकडे बघायचे आणि म्हणायचे, “अजून आहे.”

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली ट्रेसर होते. आमची कचेरी परळला, मिलचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वर. जमिनीखालची कामं हा आमचा धंदा. पाया, टाक्या, बोगदे. खणायचं काम कंत्राटदार करणार, ते नीट होतंय की नाही हे आम्ही बघणार. इंजिनियर लोक पेन्सिलीनं नकाशे काढायचे आणि त्यावर अर्धपारदर्शक मेणकापड पसरून मी ते शाईनं गिरवायची. मी डिलाईल रोडच्या चाळीतली, वडील गिरणीत साचेखात्यात, मागावर. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर नोकरी लागली. नकाशाच्या खोलीत मी एकटीच मुलगी, म्हणून मला खिडकीजवळ वेगळं टेबल होतं. पहिल्या दिवशी साहेबांनी माझ्या टेबलामागची भिंत ठोकली, “बसा बाई,” म्हणाले आणि गेले. ते सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे, शिपायालासुद्धा. अरेतुरे फक्त दोघांना करायचे. एक त्यांची थोरली बहीण, आणि दुसरा दगड.

त्या वर्षांत आमच्याकडे मोठं काम होतं ते शिवडीच्या बाजूच्या टेकडीखालून पाण्याचा मोठा नळ नेण्यासाठी खणायच्या बोगद्याचं. टेकडीवर वस्ती होती. दुपारी सुरुंग उडाला की वरच्या खोल्यांतली भांडी वाजायची. शहरात तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं वातावरण पेटलेलं. गोळ्या चालल्या होत्या, माणसं गेली होती. त्यामुळे धडाम आवाज झाला की नवखे लोक घरात पळायचे. टेकडीवरच्या बायका मात्र फडताळातल्या बरण्या धरून उभ्या राहायच्या आणि आवाज गेला की परत कामाला लागायच्या.

बोगद्याच्या नकाशावर मला दोन रेघा काढाव्या लागायच्या. एक काळी: बोगदा कसा हवा ती. दुसरी निळी: दगड फुटल्यावर तो प्रत्यक्षात कसा झाला ती. निळी रेघ नेहमी काळीच्या बाहेर, वेडीवाकडी. त्या दोघींच्या मधली जागा म्हणजे फुकट फुटलेला दगड. तिथे पुढे काँक्रीट भरावं लागायचं, म्हणून कंत्राटदार तिच्याबद्दल आमच्याशी भांडायचा. एवढ्यावर जगाचं भागत होतं. साहेबांनी मला तिसरी रेघ काढायला सांगितली. तांबडी, तुटक, निळीच्याही बाहेर.

“ही कसली साहेब?”

“इथवर दगड दुखावलाय.”

“म्हणजे फुटलाय?”

“फुटलेला निळ्या रेघेच्या आत होता, तो उचलून नेला. हा जागेवर आहे. दिसायला चांगला आहे. हे माणसं विचारत नाहीत बाई. जे पडलं ते मोजतात. जे पडलं नाही त्याचं काय झालं, ते कोणी विचारत नाही.”

तिसरी रेघ ते ठोकून काढायचे. बोगद्यात जाऊन भिंतीवर, छतावर हातोडी मारत चालायचे. चांगला दगड खणखणीत बोलतो, दुखावलेला भद्द करतो. शिवाय भिंतीत एक भोक पाडून त्यात पाणी ओतायचे. ते शेजारच्या भोकातून बाहेर आलं तर मधे चिरा आहेत. या सगळ्याची टिपणं घेऊन ते संध्याकाळी यायचे, अंगावर दगडाची पांढरी भुकटी, आणि मला म्हणायचे, “तांबडी शाई काढा.”

आमच्या मालकांना ती रेघ आवडायची नाही. “ही मागितली कोणी?” ते विचारायचे. कोणीच मागितली नव्हती. “पुसा,” मालक म्हणायचे. मी पात्यानं शाई खरवडायची. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणायचे, “काढा.” काही नकाशांचं मेणकापड त्या जागी इतकं झिजलं, की उजेडात धरलं की खिडकीबाहेरची गिरणीची चिमणी दिसायची.

मला हे प्रकरण काही कळत नव्हतं. मी तसं सांगितलं. तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि पलीकडे दोघे जण कॅरम खेळत होते. साहेबांनी त्यांना उठवलं. पाचसहा सोंगट्या एका रांगेत एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि रांगेच्या अलीकडच्या टोकाला स्ट्रायकर मारला. पलीकडच्या टोकाची सोंगटी सुटून पार कोपऱ्यात गेली. मधल्या जवळजवळ होत्या तिथेच.

“मार कोणाला बसला?”

“अलीकडचीला.”

“गेली कोण?”

“शेवटची.”

“का?”

“तिच्यापुढे कोणी नव्हतं.”

“हां. दगडात सुरुंग उडतो तेव्हा भोकाच्या लगतचा दगड पीठ होतो. त्याच्या बाहेर चिरा जातात, चहूकडे. आणि धक्का त्याच्याही पुढे जातो. जाताना दाबत जातो, ते दगडाला सोसतं. पण पुढे मोकळी जागा आली, जुनी फट आली, की धक्का उलटतो आणि परत येताना ओढत येतो. ओढणं दगडाला सोसत नाही. पापुद्रा सुटतो. मागून दारूचा वायू त्या फटीत घुसतो आणि ती रुंद करतो. आपण इकडे म्हणतो, वा, किती छान फुटला.”

“मग उपाय काय?”

“बोगद्याच्या कडेची भोकं जवळजवळ पाडायची, त्यांत दारू कमी भरायची आणि ती सर्वांत शेवटी उडवायची. मधला दगड आधी निघून गेलेला असला की कडेला हलकं मारलं तरी पुरतं.” त्यांनी सोंगट्या परत मांडून दिल्या आणि त्या दोघांना म्हणाले, “राणी तुमची होती.” ती कोणाची होती यावर पुढे दोन दिवस भांडण चाललं.

‘कडेच्या सुरुंगात दारू कमी’ हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत, की कचेरीत जेवणात मीठ कमी पडलं तरी आम्ही तेच म्हणायचो. राज्यात दारूबंदी होती. साहेबांचा आवाज मोठा. इराण्याकडे बसून ते कंत्राटदाराच्या इंजिनियरला विचारायचे, “काल किती दारू भरलीत?” आणि तो सांगायचा. एकदा शेजारच्या टेबलावरचा एक साध्या कपड्यातला पोलीस उठून आला. साहेबांनी त्याला समोर बसवून सुरुंगाची सगळी हकीकत सांगितली. त्याची ड्यूटी संपली तरी ती संपली नाही. पुढे तो पोलीस त्या इराण्याकडे दिसला नाही.

साहेब राहायचे गिरगावात, स्वतःच्या घरात. जुनं प्रभू कुटुंब. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि ताई, विधवा बहीण. ताई चळवळीत होत्या. सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आल्या होत्या आणि तिथल्या भाकरीबद्दल फार कडक बोलायच्या. रविवारी त्या कधी मला जेवायला बोलवायच्या. कोलंबी घालून भाजलेलं भानोलं करायच्या, आणि साहेब ताटात पडलेल्या वडीच्या खरपूस कडेवर चमच्यानं ठोकून बघायचे. ताई म्हणायच्या, “खा रे मेल्या, डोंगर नव्हे तो.”

साहेबांना चळवळीत काडीचा रस नव्हता. विरोध होता असं नाही. त्यांना विचारलं तर ते उत्तर द्यायचे, आणि तीच अडचण होती. एकदा वाडीतली मुलं सह्या गोळा करायला आली. म्हणाली, “मुंबई महाराष्ट्राची आहे असं आपलं मत आहे ना?”

साहेब म्हणाले, “दगडाच्या हिशेबानं म्हणता का?”

मुलं म्हणाली, “कसंही.”

“दगडाच्या हिशेबानं काळ्या पाषाणाचा सगळा पसारा एक आहे. मुंबई त्यात आली.”

मुलं खूश झाली. साहेब पुढे म्हणाले, “सौराष्ट्रही आला. माळवा आला. नागपूर आलं, पण नागपूरच्या पलीकडे मात्र लगेच दगड बदलतो. तिथला मी सांगू शकत नाही.”

ताईंनी आतून येऊन त्यांच्या हातातलं पेन घेतलं, त्यांच्या नावापुढे स्वतः सही केली आणि मुलांना वाटेला लावलं.

कंत्राटदाराचा इंजिनियर दादरचा, तरुण, विलायतेत शिकून आलेला. माणूस वाईट नव्हता. त्याच्यावर घाई होती. जास्त दारू भरली की एका दिवसात बोगदा जास्त पुढे सरकायचा, आणि वर सगळे तेवढंच विचारायचे. साहेबांनी त्याला कडेच्या सुरुंगांबद्दल सांगितलं की तो म्हणायचा, “साहेब, तुमचं बरोबर आहे. पण कडेला दुप्पट भोकं पाडायची तर पाळीचा निम्मा वेळ भोकांतच जाईल.”

“जाऊ दे.”

“ते तुम्ही माझ्या मालकांना सांगा.”

साहेबांनी खरंच जाऊन सांगितलं. त्या मालकानं आमच्या मालकांना फोन केला. आमच्या मालकांनी साहेबांना बोलावून सांगितलं, की आपलं काम तपासायचं, शिकवायचं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी साहेबांनी बोगद्याच्या आत एका ठिकाणी छतावर खडूनं मोठं वर्तुळ काढलं आणि सांगितलं, हा भाग सुटलाय, इथे लाकडी टेके दिल्याशिवाय खालून माणसं नेऊ नका. इंजिनियरनं एक पहार मागवली आणि सगळ्यांसमोर वर्तुळात जोरजोरानं मारली. कपचीसुद्धा निघाली नाही. तो म्हणाला, “बघा.”

“ऐका,” साहेब म्हणाले.

“मला तर सारखाच ऐकू येतो.”

“तेच म्हणतोय मी.”

टेके आले नाहीत. काम चालू राहिलं. छत पडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पडलं नाही, पुढच्या महिन्यात पडलं नाही. ‘साहेबांचा दगड’ हा थट्टेचा विषय झाला. पाळी बदलताना बाहेर येणाऱ्यांना आत जाणारे विचारायचे, “पडला का?” आणि ते म्हणायचे, “उद्या.” आत सगळे तेलंगणातून आलेले मजूर. त्यांचा मुकादम नरसय्या, उंच, कानात बाळी, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा. तो थट्टा करायचा नाही, पण वर्तुळाखालून माणसं नेतही होता. पोट हातावरचं, तो तरी काय करणार. साहेब रोज जायचे, ठोकायचे, परत यायचे. कचेरीतही लोक त्यांना पाहिलं की एकमेकांना कोपरानं ढोसायचे. त्यांना ते दिसत होतं की नाही, मला माहीत नाही. ते माझ्या टेबलाशी उभे राहून फक्त म्हणायचे, “तांबडी दोन बोटं बाहेर घ्या.”

घरी मी बाबांना हे सांगितलं. बाबा म्हणाले, “गो, तुझो सायब खुळो नाय मा?” मी म्हटलं, माहीत नाही. ते खरं होतं. मला खरंच माहीत नव्हतं.

मग मोठा बंद जाहीर झाला. गिरण्या, बाजार, ट्रॅम, सगळं बंद राहणार होतं. आमच्या चाळीत आदल्या दिवसापासून तयारी. त्या आदल्या दिवशी साहेब बोगद्यातून परत आले. तांबडी शाई मागितली नाही. खुर्चीवर बसले, उठले, परत बसले आणि कचेरी सुटायच्या आधीच टोपी घालून निघून गेले. इतक्या वर्षांत ते वेळेआधी गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. शिपाई म्हणाला, “पोट बिघडलं असेल.”

बंदच्या दिवशी मुंबई चिडीचूप होती. मी घरीच होते. त्या दुपारी बोगद्याचं छत पडलं. एखाद्या खोलीएवढी शिळा, आणि तिच्यामागून वरचा ढिला माल. बंद असल्यामुळे आत कोणी नव्हतं. रिकाम्या ढकलगाड्या चेपल्या, एवढंच. टेकडीवर नेहमीसारखी भांडी वाजली आणि बायकांनी नेहमीसारख्या बरण्या धरल्या. त्यांना वाटलं, बंदच्या दिवशीही सुरुंग उडवतात मेले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळे एकच बोलत होते: चळवळीनं माणसं वाचवली. आमच्या मालकांनी, जे चळवळीला नेहमी नावं ठेवायचे, सत्यनारायण घातला. बाबा म्हणाले, “देवाक काळजी.” मी साहेबांची वाट बघत होते. मला वाटलं, आज ते येतील, निदान एकदा तरी म्हणतील की मी सांगितलं होतं.

साहेब दुपारी आले. चेहरा पडलेला. कंत्राटदाराचा इंजिनियर त्यांच्या मागोमाग जिना चढून आला. त्याचा चेहरा त्याहून पडलेला. त्यानं सगळ्यांसमोर बोलायला तोंड उघडलं. तो माफी मागणार हे उघड होतं. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“मी चुकलो,” साहेब म्हणाले.

कोणाला काही कळेना.

“मी वर्तुळ काढलं होतं तिथे पडलेलं नाही. वर्तुळ शाबूत आहे. पडलंय त्याच्या बरंच पुढे.” त्यांनी माझ्या टेबलावरचा नकाशा ओढला. “इथे दोन पाषाणांच्या मधे मातकट तांबडा थर आहे, पातळ. माझ्या लक्षात यायला हवा होता. सुरुंगाचा वायू त्या थरातून सरकत गेला आणि पुढचा दगड मागून सुटा केला. मी जिथे दुखापत ऐकली तिथेच ती असेल असं धरून चाललो. सोंगट्यांचं मीच सगळ्यांना शिकवत होतो. मार इथे आणि गेली तिथली.” ते इंजिनियरकडे वळले. “तुम्ही माझं ऐकून वर्तुळाखाली टेके दिले असतेत आणि निर्धास्त झाला असतात, तर माणसं पुढे उभी राहिली असती. तेव्हा माझी चूक तुमच्या चुकीपेक्षा लहान नाही.”

इंजिनियर नकाशावर वाकला. इतके दिवस तो ज्या माणसाशी भांडत होता तो आता त्याच्याशी भांडायलाच तयार नव्हता. शेवटी तो म्हणाला, “मग आता काय करू या?”

“चहा मागवा,” साहेब म्हणाले. “आणि बाई, तांबडी शाई.”

मालक दारात उभे होते. 

त्यानंतर त्या बोगद्यात कडेची भोकं जवळजवळ पडू लागली. दारू कमी, आणि ती शेवटी उडायची. पहिल्याच आठवड्यात इंजिनियर जिना धावत चढून आला. सुरुंग उडाल्यावर भिंतीवर भोकांच्या अर्ध्या नळ्या जशाच्या तशा उमटलेल्या दिसत होत्या. म्हणजे दगड भोकाच्या मधोमध चिरला होता आणि मागचा दगड जागचा हलला नव्हता. तो त्या नळ्या मोजून आला होता आणि परीक्षेचे गुण सांगावेत तसा सांगत होता. साहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “ठोकलंत का?” त्यानं ठोकलं नव्हतं. तो परत गेला. पुढे त्याच्याही कोटाच्या खिशाला हातोडीनं भोक पडलं, आणि माझी निळी रेघ काळीला चिकटून चालू लागली. तांबडी काढायला कारणच उरलं नाही. आमच्या मालकांनी त्या वर्षी ती तांबडी रेघ आपल्या इतर कामांसाठी लेखी मागितली.

बोगदा पुरा झाला. मजूर दुसऱ्या कामांवर पांगले. मी ते काम विसरायला लागले तेव्हा राज्य झालं.

एक मेच्या संध्याकाळी ताईंनी मला आणि बाबांना घरी बोलावलं होतं. गिरगावात पाय ठेवायला जागा नव्हती. गॅलऱ्यांतून दिवे, तोरणं, खाली मिरवणूक, ढोल. ताई नऊवारी नेसून गॅलरीत पणत्या लावत होत्या. साहेब आत खुर्चीवर वाचत होते. त्यांनी नवा सदरा घातला होता, तोही ताईंनी घालायला लावला म्हणून.

दारावर थाप पडली. मी उघडलं. नरसय्या उभा होता, कानातली बाळी, धुतलेलं धोतर, आणि त्याच्यामागे जिन्यावर त्याची दहाबारा माणसं. हातात पेढ्यांचा पुडा आणि झेंडूचा जाडजूड हार.

“साहेब आहेत?”

साहेब उठून आले. नरसय्यानं त्यांच्या गळ्यात हार घातला आणि पाया पडला. मग बाकीचे एकेक करून पडले.

“साहेब,” नरसय्या म्हणाला, “आमचं तेलुगूवाल्यांचं राज्य तर केव्हाच झालं. तुमचं राहिलं होतं. आज झालं. बरं वाटलं.”

साहेब म्हणाले, “हो. झालं.”

ताई गॅलरीतून आत आल्या होत्या, हातात काडेपेटी. “याला हार कशासाठी रे?” त्यांनी विचारलं.

“माई, तुम्हाला नाही माहीत?” नरसय्या म्हणाला. “बंदच्या वेळी ठेकेदार बोलला, बंद तुमचा नाही, मराठी लोकांचा आहे. तुम्ही बोगद्याच्या तोंडाशीच राहता, आतल्या आत पाळी लावा, दुप्पट पैसे देतो. आम्ही हो बोललो होतो. संध्याकाळी साहेब झोपड्यांत आले. पेटीवर उभे राहिले. भाषण केलं.”

“भाषण?” ताई म्हणाल्या. “यानं?”

“बोलले, मुंबई आपली आहे. मुंबईत जो राहतो त्याची आहे. उद्या सगळी मुंबई बंद आहे तर तुम्ही पण बंद पाळला पाहिजे. कोणी आत जायचं नाही. मग गप्प राहिले. आम्ही पण गप्प. मग बोलले, झालाच पाहिजे.” नरसय्या हसला. “काय झालं पाहिजे ते नाही बोलले. पण आमच्या पोरांनी ओरडून दिलं, झालाच पाहिजे. साहेबांना एवढं वाटतं मुंबईबद्दल, तर आपण कसं जायचं. नाही गेलो. आणि दुपारी तो पडला.”

मी साहेबांकडे पाहिलं. ते हाराची दोरी मानेवर टोचत होती ती नीट करत होते.

नरसय्याची माणसं पाणी प्यायली, त्यांनी पेढे सगळ्यांच्या हातावर ठेवले आणि ती जिना उतरून गर्दीत गेली. बाबांना काही समजलं नव्हतं; त्यांनी साहेबांना आदरानं नमस्कार केला, कारण हार घातलेल्या माणसाला करतात.

ताईंनी दार लावलं. “दगड पडणार म्हणून सरळ का नाही सांगितलंस त्यांना?”

“ते मी रोज सांगत होतो,” साहेब म्हणाले. “त्या दिवशी आवाज फार बदलला होता. रोजचंच परत सांगून उपयोग नव्हता. दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं.”

“म्हणजे मुंबईचं सगळं खोटं बोललास?”

साहेबांनी विचार केला. “आधी तसंच वाटलं,” ते म्हणाले. “पण पेटीवर उभं राहून म्हणून पाहिलं, तर त्यात चूक काही सापडली नाही.”

 साहेब हार काढायला लागले तेव्हा ताईंनी त्यांचा हात धरला. “राहू दे थोडा वेळ,” म्हणाल्या आणि त्यांना ओढत गॅलरीत घेऊन गेल्या. आम्हीही मागोमाग गेलो. खाली मिरवणूक थांबली होती. पणत्यांच्या उजेडात हार घातलेला एक वयस्क माणूस कठड्याशी उभा राहिलेला दिसला, तशी खालची पोरं हात वर करून जयजयकार करायला लागली.

साहेबांनी तो कोणासाठी चाललाय हे बघायला मागे वळून पाहिलं. मागे मी, बाबा आणि ताई होतो. ते बाजूला सरकले आणि आम्हाला पुढे जागा करून दिली.